शुक्रवारी थांबणारी पावलं

गोडाऊनमध्ये माल दोन ठिकाणी असतो. एक रॅकवर आणि दुसरा कॉम्प्युटरमध्ये. या दोघांचा मेळ घालणं हे माझं काम होतं आणि ते मी सव्वीस वर्षं केलं. आधी भिवंडीत मंडईजवळच्या एका कापड व्यापाऱ्याच्या गाळ्यात, वहीवर. मग जवळच्याच पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये, जिथलं छत इतकं उंच होतं की आत शिरलेली कबुतरं तिथेच संसार थाटायची आणि त्यांना बाहेरची वाट सापडायची नाही.

लोक विचारायचे, "तुम्ही नक्की करता काय?" मी म्हणायची, "मोजते." "दिवसभर?" "दिवसभर." एखाद्या बाईनं शिक्षिका असावं, नर्स असावं, बँकेत असावं, हे लोकांना कळतं. खोकी मोजणारी बाई म्हटलं की चहाचा कप पुढे सरकवून ते विषय बदलायचे.

पण मोजणं वाटतं तितकं सोपं नसतं. कॉम्प्युटर सांगतो की अमुक रॅकवर मिक्सरची एकशेवीस खोकी आहेत. तिथे गेल्यावर एकशेअठरा निघतात. दोन कुठे गेली? चुकीच्या ट्रकमध्ये चढली, शेजारच्या रॅकवर ठेवली गेली, की मुळात आलीच नव्हती? ते शोधायचं आणि सापडलं नाही तर "दोन कमी" असं लिहून खाली सही करायची. माझा एकच नियम होता आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मी तो ऐकवायची: हात लावल्याशिवाय आकडा नाही. मी स्वतः प्रत्येक खोक्याला हात लावायची. हमाल हसायचे, म्हणायचे, मॅडम मालाची दृष्ट काढतात. हसू देत. माझा आकडा कधी चुकला नाही.

आमच्या धंद्यात एक जुनी लबाडी आहे. माल कमी भरला की काही सुपरवायझर ते लिहीत नाहीत. तपासणीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या रॅकच्या मागच्या बाजूची खोकी काढून आणतात आणि खड्डा भरतात. एका गृहस्थांनी कुकरच्या बाबतीत हेच केलं होतं. साठ कुकर कमी होते, ते त्यांनी शेजारच्या रॅकमधून भरले. पुढच्या तपासणीला तो रॅक कमी भरू नये म्हणून तिसऱ्यातून भरले. मी पकडलं तोवर गोष्ट तीन रॅकपर्यंत गेली होती. त्यांना मी ऑफिसात बोलावून सांगितलं, "कमी पडलं तर कमी लिहा. बोलणी खावी लागतील, पण एकदाच खावी लागतील." त्यांची नोकरी गेली. त्यांच्या घरी दोन लहान मुली आहेत हे मला ठाऊक होतं, तरी मी रिपोर्टमधला एक शब्दही बदलला नाही. त्याचा मला पुष्कळ दिवस अभिमान होता.

लॉकडाऊनमध्ये आमच्यापैकी जे नोंदी जुळवायचे त्यांना घरी बसून काम करायला सांगितलं; खोकी मोजायला वेगळी माणसं नेमली. महिनाभराची सोय म्हणून सुरू झालं ते तसंच राहिलं. ऑफिसची जागा मालानं भरून गेली आणि आम्हाला परत कुणी बोलावलंच नाही. माझ्या हाताखाली नऊ जण, नऊ घरांत. मी माझ्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत.

गोडाऊनमध्ये माझ्या चपला सहा महिन्यांत झिजायच्या. आता पलंगापासून टेबलापर्यंत बारा पावलं. वर्षभरात अशी अवस्था झाली की खुर्चीतून उठायला टेबलाचा आधार लागायचा. डॉक्टर म्हणाले, चाला. कुठे चालू? मी फोन आला की उठून उभी राहायची आणि बोलत बोलत स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारायची. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंना वाटलं माझं घरात काही बिनसलंय, त्या विचारायलाही आल्या. पाण्याची मोठी बाटली टेबलावरून काढली आणि छोटा पेला ठेवला, म्हणजे दर अर्ध्या तासानं भरायला उठावं लागेल. आमच्यातल्या एकानं प्रिंटर मुद्दाम माळ्यावर नेऊन ठेवला. असले बारीकसारीक उपाय आम्ही एकमेकांना सांगायचो. त्यांचा उपयोगही होत होता.

मग हेड ऑफिसनं स्पर्धा काढली. घरून काम करणाऱ्यांनी रोज दहा हजार पावलं चालायचं, फोन ती मोजणार आणि रोज सकाळी टीमच्या सगळ्यांचे तासवार आकडे प्रमुखाकडे येणार. तीन महिन्यांनी ज्या टीमची पावलं जास्त ती पहिली. बक्षीस काय, तर मनगटावर बांधायचा एक पट्टा आणि कंपनीच्या पत्रिकेत फोटो. पण माझ्या हातात आकड्यांचा तक्ता दिला की मला दुसरं काही दिसत नाही. ज्याची पावलं पाच हजारांच्या खाली त्याचं नाव मी लाल रंगात करायची आणि सकाळी नऊ वाजता ग्रुपवर टाकायची. पहिले तीन आठवडे रोज लाल असलेलं एकच नाव होतं: मनीषा म्हात्रे.

मनीषा भिवंडीजवळच्या अंजूर गावची सून. वय अडतीस, बी.कॉम., आमच्यातली सगळ्यात स्वच्छ काम करणारी. तिच्या नोंदीत मला कधी खोडावं लागलं नाही. दुसऱ्या बाळंतपणापासून तिला साखरेचा त्रास होता. रोज तासभर चाललं नाही तर पुढे कठीण आहे, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. हे तिनंच मला सांगितलं होतं. म्हणजे त्या लाल नावाचा अर्थ काय, ते मला इतरांपेक्षा जास्त कळत होतं.

मी फोन केला. "मनीषा, आजही लाल?"

"मॅडम, घरात फिरते ना मी. फोन टेबलावर राहतो."

"मग फोन जवळ ठेव. आणि संध्याकाळी बाहेर पड, खाडीच्या बाजूला जाऊन ये."

तिनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "बाहेर नाही जमत, मॅडम. आईंना नाही आवडत."

आई म्हणजे तिच्या सासूबाई, हिराबाई. मला आधी वाटलं, नेहमीचा सासुरवास. तसं नव्हतं. हिराबाईंनी उमेदीची सगळी वर्षं डोक्यावर भाजीची पाटी घेऊन अंजूरहून भिवंडीच्या बाजारात पायी ये-जा केली होती. पुढे घरच्या जमिनीवर गोडाऊन उभी राहिली, घराला मजला चढला, दारात गाडी आली. आपल्या घरातल्या बाईला आता रस्त्यानं पायी जावं लागत नाही, हे त्यांच्या आयुष्याचं कमावलेलं होतं. सून पंख्याखाली खुर्चीत बसून कॉम्प्युटरवर काम करते, हे त्या आल्यागेल्याला दारातून दाखवायच्या. तिला उठावं लागू नये म्हणून चहा टेबलावर आणून द्यायच्या, जेवणाचं ताटसुद्धा. "आई म्हणतात, तू पायी फिरताना दिसलीस तर गाव म्हणेल, म्हात्र्यांनी गाडी विकली," मनीषा म्हणाली. हे ती हसत सांगत होती, पण त्या मायेपुढे तिचा इलाज चालत नव्हता.

मी काय म्हणाले? "ते तुझं तू बघ, मला उद्या पाच हजारांच्या वर पाहिजेत."

चौथ्या आठवड्यात मनीषाचा आकडा एकदम वर गेला. नऊ हजार आठशे. दहा हजार चारशे. दहा हजार शंभर. मी ग्रुपवर टाळ्या पाठवल्या, फुलं पाठवली. आमची टीम सातवी होती ती तिसरी झाली, मग दुसरी, मग पहिली.

एकदा आठवड्याचा तक्ता जुळवताना माझी नजर तिच्या ओळीवर अडकली. रोजची पावलं दुपारी एक ते अडीचच्या मध्ये एकगठ्ठा पडत होती. सोमवारी दहा हजार, मंगळवारी दहा हजार, रविवारीही दहा हजार. शुक्रवारी नऊशे. मागचा शुक्रवार पाहिला तर आठशे. त्याच्या मागचा, हजाराच्या आत. मध्येच एका बुधवारी सहाशे. त्या बुधवारी अंजूरला दिवसभर लाईट नव्हती, मनीषानं तसं मला कळवलंही होतं.

भिवंडीत जन्मलेल्या माणसाला शुक्रवार समजावून सांगावा लागत नाही. शुक्रवारी इथले लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग, सुट्टीमुळे बंद असतात. माझ्या माहेरी गल्लीच्या पलीकडे लूमचा कारखाना होता. बाकीचे सहा दिवस त्या खडखडाटात आम्ही गाढ झोपायचो आणि शुक्रवारी पहाटे शांततेनं जाग यायची. शुक्रवारी थांबणारी आणि लाईट गेली की थांबणारी पावलं माणसाची नसतात, हे मला त्या क्षणी कळलं.

मी फोन लावला. "मनीषा, तुमच्या घरामागच्या गाळ्यात लूम आहेत ना?"

"हो मॅडम. भाड्यानं दिलाय गाळा."

"शुक्रवारी बंद असतात?"

तिनं मागचं दार लोटल्याचा आवाज आला. मग अगदी हळू म्हणाली, "हो."

पुढे मी काही विचारलं नाही आणि तिनं काही सांगितलं नाही. कसं ते मला नंतर कळलं. त्या गाळ्यात रईसभाई नावाचा कारागीर होता, वयस्कर, उत्तर प्रदेशचा. लूमचा जो दांडा सारखा पुढे-मागे हलतो त्याला तो चिंधीनं तिचा फोन बांधून द्यायचा. दुपारी ती मागच्या दारानं फोन द्यायची आणि जेवण झालं की परत घ्यायची. तो म्हणायचा, "दीदी, मेरी मशीन आपसे जादा चलती है, इनाम इसको मिलना चाहिए." तिलाही हसू यायचं. गावात असे फोन बांधणारे आणखी दोघं-तिघं होते म्हणे. घराशेजारी दिवसभर हलणारं यंत्र असलं तर माणसाला ते सुचायला किती वेळ लागणार?

गोडाऊनमध्ये होते तोवर मी हात न लावता एकही आकडा लिहिला नव्हता. इथे आकडा खोटा आहे हे मला समोर दिसत होतं. स्पर्धेचे दोन आठवडे उरले होते आणि आम्ही पहिले होतो. मी स्वतःला म्हटलं, यात कुणाचं काय जातंय? खोकी थोडीच आहेत, कुणाचा माल कमी पडणार आहे? आणि दोन दिवसांनी, दुसऱ्याच कामाचा फोन झाल्यावर, मी सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "शुक्रवारचा आकडा फार उठून दिसतो गं."

पुढच्या शुक्रवारी तिचे साडेतीन हजार भरले. खुर्चीत बसून, फोन हातात धरून, हात हलवून हलवून भरले होते. हेही तिनं नंतरच सांगितलं. म्हणाली, खांदा दोन दिवस दुखत होता.

आम्ही पहिले आलो. व्हिडिओ कॉलवर हेड ऑफिसच्या बाईंनी मनीषाचं नाव खास घेतलं. एवढी जबाबदारी सांभाळून रोज दहा हजार कशी चालतेस, जरा सगळ्यांना सांग, म्हणाल्या. मनीषा म्हणाली, "घरातली कामं करता करता होतात." तिच्या शेजारी हिराबाई बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून. कॉम्प्युटरकडे बघून त्यांनी हात जोडले. मी माझ्या चौकोनात हसत बसले होते.

साधारण महिन्यानं मनीषाचा फोन आला. आवाज उतरलेला. "मॅडम, डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. आता वाढवलंही."

झालं असं होतं, की साखर वाढलेली बघून डॉक्टरांनी विचारलं, चालता का? मनीषा उत्तर देईपर्यंत हिराबाईंनीच फोन पुढे केला आणि बक्षिसाचं सांगितलं. डॉक्टरांनी मागच्या तीन महिन्यांचे आकडे पाहिले; हिराबाई रोज आकडा विचारायच्या म्हणून स्पर्धा संपल्यावरही फोन लूमवर जातच होता. इतकं चालूनही साखर एवढी राहते, म्हणजे गोळ्या पुरत नाहीत असं म्हणून त्यांनी इन्सुलिन दिलं आणि पंधरवड्यात त्याचं प्रमाण वाढवलं.

"मी काय बोलणार तिथे?" मनीषा म्हणाली. "आई शेजारीच होत्या. सगळ्या गावाला सांगून झालंय त्यांचं."

इथे मला काय करायचं होतं ते मला शिकवायला कुणाची गरज नव्हती. कमी पडलं तर कमी लिहायचं. आजच्या आज डॉक्टरांकडे जा, मी येते तुझ्याबरोबर, हे आकडे खोटे आहेत असं सांगू, एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. कारण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता. मी म्हणाले, "हे बघ, आपण आता खरंच चालायला लागू. मी रोज येते. एकदा तू दहा हजार चालायला लागलीस की आकडा खरा होईल. मग कुणाला काही सांगायची गरज नाही."

कुकरवाल्या गृहस्थांनी याहून वेगळं काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षानं अंजूरला गेले. नऊ माणसांची मी प्रमुख होते, पण त्यातल्या एकाच्याही घराचा उंबरा तोपर्यंत मी पाहिला नव्हता. हिराबाई ओट्यावर बसल्या होत्या. आम्ही कशासाठी निघालोय ते ऐकून म्हणाल्या, "मॅडम, तुमचे हापिसान खुर्च्या सरल्या काय, त बायांना रस्त्यावं चालवताव?"

"कंपनीची ऑर्डर आहे, आजी," मी म्हटलं. आणखी एक खोटं.

"ऑर्डर हाय त मंग जाव," त्या म्हणाल्या. पण तिला तशी जाऊ दिली नाही. आत नेलं, केस नीट बांधून दिले आणि मंगळसूत्रावर सोन्याची जाड चेन घातली. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की ही बाई गरजेपोटी चालत नाही.

पहिल्या दिवशी चार हजार झाले. खाडीच्या बांधावर मनीषा थांबली आणि बघतच राहिली. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली तरी गावची खाडी तिनं गाडीच्या काचेतूनच पाहिली होती. "एवढी जवळ आहे?" म्हणाली. त्या चार-पाच सकाळी ती फार आनंदात होती, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. बोलायची, मुलांचं सांगायची, मध्येच पुढे पळून मला चिडवायची, "मॅडम, तुम्ही लाल!" मी मनात म्हणत होते, बरं झालं, वाईटातून चांगलं निघालं.

मी रोज थोडं थोडं वाढवत नेलं. पाच हजार, सहा हजार, आठ हजार. ती इंजेक्शन घ्यायची, घोटभर चहा आणि भाकरीचा तुकडा खाऊन निघायची, कारण मी दारात उभी असायची आणि मला उशीर खपत नाही. इंजेक्शन साखर उतरवतं आणि चालणंही उतरवतं, दोन्ही एकदम वाढलं आणि पोटात पुरेसं नसलं तर साखर धोक्याइतकी खाली जाते, हे मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना ठाऊक होतं. पण त्यांच्या हिशेबानं ती तीन महिने रोज दहा हजार चालतच होती. नव्यानं काही वाढलंय हे त्यांना कळायला वाव नव्हता.

सहाव्या दिवशी आम्ही गोडाऊनच्या रस्त्यानं लांबवर गेलो. मनीषा त्या दिवशी बोलत नव्हती. कपाळावर घाम होता, पण उकाडाही होता. मध्येच तिनं मला भलत्याच नावानं हाक मारली. मला वाटलं गंमत करतेय. मग म्हणाली, "मॅडम, थांबू या?"

मी तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. तिच्या तोंडाकडे नाही पाहिलं. म्हणाले, "दोनच हजार राहिले."

ती चालली. वीस-पंचवीस पावलं असतील. मग गटाराच्या लादीवर आडवी झाली, उजवा हात अंगाखाली.

गोडाऊनचा वॉचमन धावत आला. त्यानं आणि मी तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात सिस्टरनं बोटातून रक्त काढलं आणि यंत्रावरचा आकडा दोनदा पाहिला. सलाइनमधून साखर द्यायला लागले. काही मिनिटांत तिनं डोळे उघडले, मला ओळखलं आणि विचारलं, "मॅडम, किती झाले?"

मी तिचा फोन माझ्या पर्समध्ये टाकला.

मनीषा आज चांगली आहे, वाचणाऱ्यांना काळजी नको. डॉक्टरांनी खरं ऐकल्यावर इंजेक्शन कमी केलं, पुढे आणखी उतरवलं. ती सकाळी चालते, पोटभर खाऊन. पण उजव्या मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, आत पट्टी घालावी लागली. तो हात आता पूर्ण वळत नाही. आठ तास कीबोर्डवर काम करणं तिला जमेना, म्हणून तिनं नोकरी सोडली. माझ्याकडची सगळ्यात स्वच्छ काम करणारी बाई. मी हेड ऑफिसला सगळं लिहून कळवलं, माझ्या नावासकट. उत्तर आलं की स्पर्धेचा निकाल बंद झाला आहे, त्यात आता बदल करता येत नाही. सहा महिन्यांनी मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं, मॅडमचा आकडा कधी चुकला नाही. मी पुष्पगुच्छ घेतला आणि हात जोडले.

घरून काम करणारे भाचे-भाच्या मला विचारतात, चालणं कसं वाढवू? फोनवर उभं राहून बोला, पेला छोटा ठेवा, हे मी सांगते. आणि पुढे सांगते, की चारशे पावलं चालत असाल तर डॉक्टरला चारशेच सांगा. ती मुलं मान डोलावतात. एवढी साधी गोष्ट मावशी इतक्या जोरात का सांगते, ते त्यांना कळत नाही.

हे सगळं लिहायला बसले ते त्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर जे ऐकलं त्यासाठी.

मनीषाला आत प्लास्टर घालत होते तेव्हा हिराबाई आल्या. पदर विस्कटलेला, पायात चप्पल नाही. तेवढ्यात डॉक्टर आतून बाहेर आले. मनीषाला इन्सुलिन सुरू करणारे तेच. म्हणाले, "रोज दहा हजार चालायची सवय आहे यांना. मग आज असं काय वेगळं झालं?"

"रोज चालते, डाक्टर," हिराबाई घाईनं म्हणाल्या. "बक्षीस भेटलाय तिला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. लूम, शुक्रवार, इंजेक्शन, सहा दिवसांचं चालणं, सगळं. सांगायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. डॉक्टरांनी कागदावर पहिलं खोडून दुसरं काहीतरी लिहिलं आणि ते घाईनं आत गेले.

हिराबाई बाकावर बसल्या. मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "आजी, यात मनीषाची चूक नाही."

"तिची चूक हाय का न्हाय त मी बगीन, घरा गेल्याव," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुमाला कवापासून ठावं व्हता?"

"स्पर्धा संपायच्या आधीपासून."

"बक्षीस दिला तवा ठावं व्हता?"

"हो."

"डाक्टरनी सुई चालू केली तवा?"

"हो."

आतून मनीषा कण्हल्याचा आवाज आला. हिराबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथून मागे वळल्या.

"ती पोर हाय, मॅडम. मना भिऊन तिनी खोटा केला. पन कमी हाय त कमी हाय, ह्या सांगाला तुमाला ठेवला व्हता ना?"